बाटलीची सेटिंग

सीटी स्कॅनच्या यंत्रात पाण्याने भरलेली बाटली ठेवली, तर पडद्यावर काय दिसायला हवे? हा प्रश्न मी वर्गात विचारत असे. उत्तर बहुधा कुणालाच येत नसे, कारण ते फार सोपे होते. काहीच दिसायला नको. बाटलीच्या गोल कडेच्या आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच करडा रंग. पाणी सगळीकडे सारखे असते. त्यात हाड नाही, रक्त नाही, गाठ नाही. म्हणून त्याच्या चित्रात जे काही वेगळे दिसेल, ते पाण्यातले नसून यंत्रातले असते.

प्रत्यक्षात तो करडा रंग कधीच एकसारखा येत नाही. जवळून पाहिले तर रवा सांडल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याला यंत्र एक अंक देते. पाण्याचा अंक शून्य यायला हवा; पण कुठे तो चार येतो, कुठे उणे तीन. हे अंक शून्याच्या आजूबाजूला किती भरकटले ते मोजले, की चित्रातली खरखर मोजली गेली. रेडिओचे स्टेशन नीट लागले नाही म्हणजे जी खरखर ऐकू येई तीच ही, फक्त डोळ्यांना दिसणारी. किरण कमी पडले की ती वाढते. तिच्याखेरीज दुसरा एक दोष असतो, त्याला मी आभास म्हणतो. जागेवर नसलेला पट्टा, नसलेले कडे, नसलेला डाग. खरखरीमुळे असलेली गोष्ट दिसेनाशी होते आणि आभासामुळे नसलेली दिसू लागते. हा फरक मी ज्यांना शिकवला, त्यांतला एक विद्यार्थी हा माझ्या या आठवणीचा विषय आहे.

तो भूकंपानंतर लातूरला आला. त्याच्या गावात उभे असे काही राहिले नव्हते. घरचे लोक पत्र्याच्या शेडमध्ये होते आणि हा अकरावी सायन्सला. त्या काळात आमच्या कॉलेजभोवतीच्या प्रत्येक गल्लीत क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि बाहेरगावची मुले खोलीत एकेक कॉट भाड्याने घेऊन राहत. आमच्या मागच्या घरात त्याची कॉट होती. माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिने त्याचा गुरुवार धरला. म्हणजे गुरुवारचे त्याचे जेवण आमच्याकडे. गुरुवारी तिचा उपास असे, तरी त्याच्यासाठी भाकरी थापली जाई. तो जेवता जेवता मला गणिते विचारी आणि ती म्हणे, "आधी ताटात बघ. प्रवेग नंतर काढ."

"काकू, सर उद्या कॉलेजात सापडायचे नाहीत."

"कुठं पळून जातात का काय ते? वरण घे."

तो हुशार होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रयोगाच्या तासाला जे वाचन येई तेच तो लिही. लंबकाच्या प्रयोगात बाकीची मुले उत्तर आधी ठरवून वाचने मागून बसवीत. याचे उत्तर चुके, पण वाचने खरी असत. मी त्याला पूर्ण गुण देत असे आणि वर्गाला कारणही सांगत असे.

तो डॉक्टर झाला, पुढे क्ष-किरण शाखेत तज्ज्ञ झाला आणि नांदेडला त्याने स्वतःचे स्कॅन सेंटर काढले. यंत्र परदेशात वापरून मग इकडे आलेले होते. मध्यंतरी मी कॉलेजातून रजा घेऊन वैद्यकीय भौतिकीचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता, हे त्याला माहीत होते. पेढे घेऊन तो लातूरला आला, आम्हा दोघांच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, आजपर्यंत तुम्ही माझी परीक्षा घेतली. आता माझ्या मशीनची घ्यायची."

तेव्हापासून महिन्यातला एक रविवार मी नांदेडला जाऊ लागलो. अहमदपूर, लोहा, मग नांदेड. सेंटरमध्ये पोचलो की चहा, नंतर बाटली. यंत्र चालवणारे तंत्रज्ञ धर्माबादचे, माझ्याच वयाच्या आसपासचे, आधी साध्या एक्स-रेवर बरीच वर्षे काढलेले. ते बाटली टेबलावर मधोमध ठेवीत, चित्र येई, मी त्यावर पाच ठिकाणी वर्तुळे टाकून अंक काढी. खरखर मर्यादेत. मधल्या आणि कडेच्या अंकांतला फरक मर्यादेत. कडी नाहीत, पट्टे नाहीत. मी सही करी आणि तो कागद काउंटरच्या मागे लावला जाई.

येणार असल्याचे मी आदल्या दिवशी फोनवर कळवीत असे. काय तपासणार आहे तेही सांगत असे. हे मला कधी वावगे वाटले नाही. आमच्या लातुरात शिक्षक असाच वागतो. परीक्षेआधी तो फळ्यावर 'आयएमपी' लिहून देतो. कोणता प्रश्न येणार हे जो सांगू शकतो त्याच्या क्लासला मुले जास्त. मी क्लास घेत नव्हतो, पण हवा तीच होती. माझी समजूत अशी होती की काय तपासले जाणार हे कळले, म्हणजे माणूस ते नीट ठेवायला शिकतो.

मग एका वर्षी पत्नीचे डोके दुखू लागले. चष्मा बदलून झाला, पित्ताची औषधे झाली. एकदा शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता तिच्या हातातला खडू पडला आणि क्षणभर तो उचलायचे तिला सुचले नाही. मी तिला नांदेडला नेले. त्याने स्वतः काकूंचा हात धरून टेबलावर झोपवले. चित्रे त्याने दोनदा मागेपुढे करून पाहिली, आणि मग मला काचेच्या अलीकडे बोलावून त्याने पडद्यावर बोट ठेवले. मेंदूच्या मध्यभागाजवळ एक छोटा गडद ठिपका होता.

"छोटी गाठ दिसते, सर. आपल्या भागात बहुतेक वेळा टीबीचीच असते. औषधाने जाते."

पत्नीने परतीच्या गाडीत मला एकच गोष्ट विचारली. "अहो, मशीनचं काही चुकलं नसेल ना?"

"मागच्याच रविवारी मी तपासलंय," मी म्हणालो. "माझी सही आहे तिथं."

"तुमच्या बाटलीला डोकं दुखत नाही म्हणून विचारलं," ती म्हणाली. पण तिने माझ्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी, त्याने सुचवलेल्या डॉक्टरांकडून, क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या.

त्या गोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. लघवी केशरी होते, तोंडाची चव जाते, अन्नाचा वास नको होतो. ती शाळेत जात राहिली. मुलांच्या वह्या तपासताना मध्येच डोळे मिटून बसे. डोके थोडे कमी दुखते असे ती म्हणे. ते खरे होते की माझ्या समाधानासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. मग तिचे डोळे पिवळे झाले. लातूरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, यकृताला त्रास झाल्याचे सांगितले, गोळ्या ताबडतोब थांबवल्या आणि म्हणाले, "पुन्हा स्कॅन करून आणा. गाठ किती उरली ते बघू, मग कोणतं औषध द्यायचं ते ठरवू."

माझ्या मनात एकच हिशेब होता. गाठ उरलेली असेल तर यकृत सांभाळून दुसरे, अधिक जड औषध सुरू करावे लागणार होते, आणि तिच्या अंगात आता तेवढी ताकद राहिली नव्हती.

या वेळी आम्ही न कळवता गेलो, आणि तो मंगळवार होता. बाहेर गर्दी होती. माझा विद्यार्थी बाहेरगावी गेलेला. तंत्रज्ञ मात्र होते. त्यांनी मला काचेच्या अलीकडे पडद्यासमोर बसवून घेतले. पत्नीची मान आखडली होती, म्हणून त्यांनी डोक्याखाली जास्तीची उशी दिली. चित्रे येऊ लागली. ठिपका तिथेच होता.

तिथेच म्हणजे कुठे? हा प्रश्न मी स्वतःला विचारला, कारण सवय. मागची फिल्म माझ्या हातात होती. मागच्या वेळी ठिपका मेंदूच्या एका भागात होता. आता डोके उशीमुळे बोटभर वर उचलले गेले होते, आणि ठिपका मेंदूच्या दुसऱ्याच, थोड्या खालच्या भागात दिसत होता. डोके हलले होते. ठिपका हलला नव्हता. दोन्ही वेळा तो चित्राच्या बरोबर मध्यबिंदूवर होता.

इथे थोडे थांबून सांगतो. या यंत्रात किरणांची नळी आणि समोरची संवेदकांची रांग माणसाभोवती फिरते. एखादा संवेदक थोडे चुकीचे वाचन देत असेल, तर फिरता फिरता तो केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर चूक करत जातो, आणि चित्रात कडे उमटते. कंपासचे टोक मध्ये रोवून पेन्सिल फिरवावी तसे. चुकणारा संवेदक रांगेच्या अगदी मधला असेल, तर कड्याची त्रिज्या जवळजवळ शून्य होते. मग कडे राहत नाही. एक ठिपका राहतो. हे टाळण्यासाठी रोज सकाळी यंत्र तापवून, रिकाम्या हवेतून किरण सोडून, सगळे संवेदक एकमेकांशी जुळवून घ्यायचे असतात.

पत्नी टेबलावरून उतरली. मी तंत्रज्ञांना म्हणालो, "आता बाटली ठेवा."

"आज? आज रविवार न्हाई, सर."

"ठेवा. आणि सेटिंग बदलू नका. आत्ता जी होती तीच."

ते माझ्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर अपराध नव्हता, गोंधळ होता. "पन सर, बाटलीची सेटिंग येगळी हाय की."

"वेगळी म्हणजे?"

"बाटलीला करंट फुल देऊन राहिलो. फिल्टर मऊवाला. अन् सकाळी आल्या आल्या हवेचं कॅलिब्रेशन. पेशंटला एवढं कुठं पुरतंय, सर? सकाळपास्नं लाइन लागती. नळी बी जुनी झाली, जपावं लागतं. साहेबांनीच बसवून दिली ही सेटिंग. म्हनले, सर यायच्या दिवशी हीच लावायची."

"आणि रोज कॅलिब्रेशन?"

"तुमच्या रविवारी करतो ना."

हे सांगताना त्यांना आपण काही उघड करतो आहोत असे वाटत नव्हते. प्रॅक्टिकलची तयारी वेगळी आणि रोजचे काम वेगळे, हे त्यांच्या दृष्टीने सगळ्या जगाला माहीत होते.

त्यांनी बाटली ठेवली आणि पेशंटची सेटिंग लावली. पडद्यावर जे आले ते मी त्या यंत्रावर कधी पाहिले नव्हते. रवा नव्हे, कणी. खरखर मर्यादेच्या किती पलीकडे गेली आहे ते कळायला मोजायची गरज नव्हती. तरी मी मोजली. मऊ फिल्टर कणी पुसतो आणि अंक सुंदर करतो, हे मीच त्याला एका रविवारी शिकवले होते. त्या कणीत दोन फिकट कडी होती. आणि मधोमध, शुद्ध पाण्यात, माझ्या पत्नीची गाठ होती.

ती दारात येऊन उभी होती. "काय आहे ते?" तिने विचारले.

"पाणी," मी म्हणालो.

तिला शिकवावे लागले नाही. ती पडद्याकडे आणि मग आपल्या हातांकडे पाहत राहिली. नखेसुद्धा पिवळट दिसत होती.

आम्ही हैदराबादला जाऊन पुन्हा स्कॅन केला. डोके स्वच्छ होते. डोकेदुखी मानेच्या मणक्यांची निघाली.

तो चार दिवसांनी लातूरला आला. पाया पडायला वाकला. पत्नीने पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. ती त्याला म्हणाली, "बस. मला एकच सांग. माझी फिल्म बघताना तुला शंका आली होती का नव्हती?"

"काकू, मशीन जुनं आहे, कधी कधी..."

"मशीनचं मी ह्यांना विचारीन. तुझं विचारतेय."

तो म्हणाला, "आली होती."

"मग?"

"सर शेजारी उभे होते, काकू. शंका बोललो असतो तर सरांनी तिथंच मशीन बंद केलं असतं. दुरुस्तीचा माणूस हैदराबादहून यायला पंधरा दिवस लावतो. समोर दुसरं सेंटर उघडलंय. मला वाटलं, टीबीच्या गोळ्या आहेत, खरंच गाठ असली तर फायदाच, नसली तर..."

मग माझ्याकडे वळून, जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाला, "सर, तुम्हीच तर आधी सांगायचे काय तपासणार ते. पेपरात येणार तेवढं पक्कं करा, हेच शिकत आलो ना आम्ही लातुरात?"

या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि ते मी मान्य करत नाही. प्रश्न आधी सांगितला म्हणून विद्यार्थ्याने वेगळी उत्तरपत्रिका तयार ठेवावी, असे कुठल्याही शिक्षकाने सांगितलेले नसते. मला प्रश्न पडतो तो दुसराच. लंबकाच्या प्रयोगात खरी वाचने लिहिणारा तो मुलगा, त्याला पूर्ण गुण मिळत म्हणून तसे लिहीत होता का? मी खरेपणालाच 'आयएमपी' करून ठेवले होते, आणि माझा तास संपल्यावर त्याला त्याची गरज उरली नव्हती? मी त्याला पुन्हा कधी विचारले नाही. आता त्याच्या कोणत्याही उत्तराचा मला उपयोग नव्हता.

पत्नी मात्र थांबली नाही. "माझ्यासारखे मधोमध ठिपकेवाले किती आहेत?" तिने विचारले.

"बघावं लागेल."

"बघ. आणि बोलव सगळ्यांना. मशीन नीट कर, आधी. हे तिथं येऊन बसतील."

मशीन नीट झाले. रोजचे कॅलिब्रेशन सुरू झाले. तो लोकांना बोलावू लागला, आणि मी सुट्टी टाकून त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसू लागलो. मी नसतो तर त्याने बोलावले असते असे मला वाटत नाही. असे वाटणे ही त्या प्रकरणातली सर्वांत जड गोष्ट होती.

पहिले जोडपे नायगावकडचे. बाई पन्नाशीच्या, डोक्यावरून पदर, हातात गोळ्यांची पिशवी. नवरा रागीट चेहऱ्याचा. स्कॅन झाला. चित्राच्या मधोमध आता काही नव्हते.

"कशाला बलावलं, डॉक्टर?" नवऱ्याने विचारले.

"नवीन सॉफ्टवेअर आलंय, मामा. जुन्या पेशंटना फुकट तपासून देतोय. मावशींची गाठ पूर्ण गेली."

"पांडुरंग पावला," बाई म्हणाल्या. "मला तर गोळ्यानं फरक पडूनच राहिला हाय."

तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी म्हणालो, "मावशी, गाठ गेली नाही. ती नव्हतीच. मागच्या वेळी मशीन बिघडलेलं होतं. तो डाग मशीनचा होता. आजची चित्रं घेऊन तुमच्या डॉक्टरांना आजच दाखवा आणि गोळ्यांचं विचारा."

बाईंनी पिशवी छातीशी धरली. नवरा डॉक्टरला म्हणाला, "हे कोन हायेत?"

"हे माझे सर," तो म्हणाला. शब्दांत तोच जुना आदर होता, आवाजही तोच. मग त्याच आवाजात, जरा थांबून, त्याने पुढचे वाक्य जोडले. "दर महिन्याला मशीन तेच तपासायचे. काउंटरमागं जो कागद आहे, त्यावर त्यांचीच सही आहे."

प्रत्येक शब्द खरा होता. नवऱ्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मग तुमी काय बघत होते, सर?"

मी विद्यार्थ्याकडे पाहिले. तो फिल्म पाकिटात घालण्यात गुंतला होता. मी त्या माणसाला जवळ बोलावले, टेबलावरची पाण्याची बाटली उचलून त्याच्यासमोर ठेवली, आणि पहिल्यापासून समजावून सांगू लागलो.